क्लायंट दुसऱ्या राज्यात गेला तर? अमेरिकेतल्या सोशल वर्क लायसन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत एमएसडब्ल्यू (मास्टर ऑफ सोशल वर्क) केलेले, करत असलेले किंवा टाटा इन्स्टिट्यूट, निर्मला निकेतन, कर्वे संस्था अशा ठिकाणांहून डिग्री घेऊन इकडे आलेले मराठी लोक आता बरेच आहेत, आणि लायसन्सचा विषय निघाला की प्रश्न फिरून फिरून तेच येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. मी उत्तर व्हर्जिनियात प्रॅक्टिस करते, नदी ओलांडली की वॉशिंग्टन डीसी आणि मेरीलँड, त्यामुळे उदाहरणं इकडची जास्त आहेत. नियम बदलत असतात, फॉर्म भरायच्या आधी त्या त्या राज्याच्या लायसन्स देणाऱ्या बोर्डाची साइट उघडून बघायचीच, "एका ताईंनी लिहिलं होतं" हे बोर्डापुढे चालत नाही.

माझी क्लायंट व्हर्जिनियातून टेक्सासला शिफ्ट झाली. माझ्याकडे व्हर्जिनियाचं लायसन्स आहे. झूमवर सेशन चालू ठेवले तर चालेल ना?

नाही. सेशन कुठे झालं हे क्लायंट त्या वेळी कुठे बसलाय त्यावरून ठरतं, तुम्ही कुठे बसलाय त्यावरून नाही. ती डॅलसला असेल तर कायद्याच्या हिशोबाने तुम्ही टेक्सासमध्ये प्रॅक्टिस करताय, तुमचा लॅपटॉप ॲशबर्नच्या घरात का असेना. ती दोन वर्षं तुमच्याकडे येतेय, मराठीत बोलणारी थेरपिस्ट तिला तिथे मिळत नाहीये, मधेच सोडलं तर तिचे हाल होतील, हे सगळं खरं आहे पण त्याने परवानगी मिळत नाही. करायचं काय, तर शिफ्ट व्हायचं ठरतंय असं तिच्या तोंडून निघालं की त्याच आठवड्यात हा विषय काढायचा, तिथला कोणी शोधायला मदत करायची, तिची लेखी संमती घेऊन रेकॉर्ड पाठवायचं, शेवटचे दोनतीन सेशन निरोपासाठी ठेवायचे, आणि तुम्हालाच टेक्सासचं लायसन्स काढायचं असेल तर ती जायच्या बरंच आधी अर्ज टाकायचा, कारण त्याला आठवडे नाही, महिने लागतात.

पण असं का? ड्रायव्हिंग लायसन्स तर सगळीकडे चालतं.

हो, गाडीचं चालतं, आपलं नाही. धंदा-व्यवसायाला परवाना द्यायचा अधिकार इथे राज्यांकडे आहे, आणि तो त्यांच्याकडे असणं योग्यच आहे असं सुप्रीम कोर्टाने १८८९ मध्येच डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया या डॉक्टरच्या केसमध्ये सांगितलंय. सोशल वर्कमध्ये कॅलिफोर्नियाने १९४५ मध्ये रजिस्ट्रेशन सुरू केलं (पोर्तो रिकोने त्याही आधी, १९३४ मध्ये) आणि मग एकेक राज्य आपापल्या पद्धतीने येत गेलं. पन्नास राज्यं, पन्नास पद्धती.

आणि हे नुसतं फी गोळा करण्याचं निमित्त नाहीये हेही सांगते. कायदा खरंच वेगळा असतो. क्लायंट म्हणाला की मी अमक्याला मारणार आहे, तर कॅलिफोर्नियात १९७६ च्या टॅरासॉफ निकालापासून थेरपिस्टवर त्या माणसाला वाचवण्याची जबाबदारी येते, व्हर्जिनियातही कायद्यात ती जबाबदारी लिहिलेली आहे, पण टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये थापर विरुद्ध झेझुल्का केसमध्ये नेमकं उलटं सांगितलं, की तशी जबाबदारी इथे नाही, पोलिसांना किंवा डॉक्टरांना सांगायची मुभा आहे, सक्ती नाही. म्हणजे एकच वाक्य, आणि एका राज्यात फोन केला नाही म्हणून तुम्ही अडकता तर दुसऱ्या राज्यात नको त्याला फोन केला म्हणून. मुलांवरच्या अत्याचाराचं रिपोर्टिंग घ्या, टेक्सासमध्ये ते प्रत्येक माणसावर बंधनकारक आहे, व्हर्जिनियात ठरावीक व्यवसायांवर (आपण त्यात येतोच). तिथला कायदा माहीत नसताना तिथल्या माणसाला बघणं मला तरी झेपणार नाही.

क्लायंट राहतो व्हर्जिनियात पण दुपारी डीसीच्या ऑफिसमधून, पार्किंगमध्ये गाडीत बसून सेशन घेतो. हेही मोजतात का?

मोजतात. हा आमच्याकडचा रोजचा प्रश्न आहे आणि लोक हसण्यावारी नेतात. राहण्याचा पत्ता कुठलाही असो, त्या क्षणी तो डीसीत असेल तर डीसीचं लायसन्स लागतं. कॉलेजच्या मुलांचं तसंच, घर हर्नडनला, हॉस्टेल कॉलेज पार्कला म्हणजे मेरीलँडमध्ये, मग उन्हाळ्याच्या सुट्टीत चालतं आणि सप्टेंबरपासून चालत नाही.

प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला "आज कुठून बोलताय?" विचारायची सवय लावा आणि उत्तर नोटमध्ये लिहा. यामागे बोर्डाच्या भीतीपेक्षा मोठं कारण आहे. समोरच्याने जिवाचं काही बरंवाईट करायचं म्हटलं आणि तुम्ही स्वतःच्या फोनवरून ९११ लावलं तर तो फोन तुमच्या गावच्या कंट्रोल रूमला जातो, त्याच्या नाही. नेमका पत्ता हातात असेल तरच मदत त्याच्या दारात पोचते.

काही राज्यं बाहेरच्या लायसन्सवाल्यांना वर्षात थोडे दिवस तात्पुरती प्रॅक्टिस करू देतात, काही शेजारी राज्यांचे आपसात करारही असतात. दोन्ही गोष्टी बोर्डाला ईमेलवर विचारा, फोनवर नको, लेखी उत्तर फाइलमध्ये राहतं.

एलसीएसडब्ल्यू म्हणजे सगळीकडे एलसीएसडब्ल्यूच ना?

अजिबात नाही. व्हर्जिनियात एलसीएसडब्ल्यू (लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर) म्हणजे स्वतंत्रपणे थेरपी करणारी व्यक्ती. नदीपलीकडे डीसीत त्याच पातळीला एलआयसीएसडब्ल्यू म्हणतात. मेरीलँडमध्ये एलसीएसडब्ल्यू-सी, आणि तिथे शेवटचा सी नसलेलं नुसतं एलसीएसडब्ल्यूही आहे, जे क्लिनिकल नाही! मिशिगनमध्ये एलएमएसडब्ल्यू ही वरची पातळी, न्यूयॉर्कमध्ये तीच अक्षरं खालच्या पातळीला. ओहायोत एलएसडब्ल्यू बॅचलर्सवाल्यांना मिळतं, न्यू जर्सीत एलएसडब्ल्यूला मास्टर्स लागतं. त्यामुळे जॉबच्या जाहिरातीत नुसती अक्षरं बघून अर्ज करू नका, आणि व्हिजिटिंग कार्डावर, वेबसाइटवर अक्षरांपुढे राज्याचं नाव लिहा.

नवीन राज्यात परीक्षा परत द्यायची का?

साधारणपणे नाही, आणि हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. परीक्षा एएसडब्ल्यूबी म्हणजे राज्यांच्या बोर्डांची जी संघटना आहे ती घेते, एकदा त्या पातळीची पास झालात की स्कोअर दुसऱ्या राज्याला ट्रान्सफर करता येतो. मास्टर्स पातळीची फी २३० डॉलर, क्लिनिकलची २६०. गेली कित्येक वर्षं चार तासांत १७० प्रश्न अशी पद्धत होती, त्यातले १५० च मार्कांना धरले जायचे, बाकीचे २० पुढच्या पेपरसाठी चाचणी म्हणून घुसवलेले, आणि कुठले २० ते तुम्हाला कळत नाही. नापास झालात तर ९० दिवस थांबायचं. नवीन पेपरचा फॉर्मॅट बदलतोय, तेव्हा जुनी सेकंडहँड पुस्तकं घेताना बघून घ्या.

वरून काही राज्यांची स्वतःची कायद्याची परीक्षा असते, टेक्सास आणि कोलोरॅडोची ज्युरिसप्रुडन्स, कॅलिफोर्नियाची लॉ अँड एथिक्स. इलिनॉयने उलट मास्टर्स पातळीच्या एलएसडब्ल्यूसाठी परीक्षाच काढून टाकलीये. या परीक्षेवर वाद मोठा आहे. २०२२ मध्ये एएसडब्ल्यूबीने स्वतःच आकडे बाहेर काढले, क्लिनिकल परीक्षेत पहिल्या फटक्यात पास होणाऱ्या गोऱ्या उमेदवारांचं प्रमाण ८४ टक्के आणि कृष्णवर्णीयांचं ४५ टक्के, आणि मग इतका गदारोळ झाला की अजून थांबलेला नाही. माझं मत विचाराल तर चार तासांच्या मल्टिपल चॉइसवरून थेरपिस्ट चांगला की वाईट ते कळत नाही, पण आज दुसऱ्या राज्यात सहज नेता येणारी एकच गोष्ट तो स्कोअर आहे, हेही तितकंच खरं.

मग अडतं कुठे?

तासांमध्ये. डिग्रीनंतर सुपरव्हिजनखाली किती काम केलं ते प्रत्येक राज्य वेगळं मोजतं. व्हर्जिनियाला ३,००० तास लागतात, त्यातले १,३८० समोरासमोर क्लायंटबरोबरचे, आणि १०० तास सुपरव्हिजन. कॅलिफोर्नियाला ३,०००. न्यूयॉर्कला २,००० क्लायंट कॉन्टॅक्टचे, पण किमान तीन वर्षांत पसरलेले, शिवाय एमएसडब्ल्यूमध्ये क्लिनिकल विषयांचे १२ क्रेडिट झालेले हवेत. फ्लोरिडाला १,५०० तास प्रत्यक्ष थेरपीचे. मिनेसोटाला ४,०००. आता फ्लोरिडात बेताचे तास करून जो मिनेसोटाला जाईल त्याने काय करायचं? बोर्ड पुढच्या वर्षांचा अनुभव धरतं का, किती धरतं, सगळं तिथल्या नियमावर.

म्हणून पहिल्या दिवसापासून कागद जपा. प्रत्येक तासाचं लॉग, सुपरव्हायझरचं त्या वेळच्या लायसन्सचं नाव आणि नंबर, आणि सही दर सहा महिन्यांनी घ्यायची, शेवटी एकदम नाही. सुपरव्हायझर रिटायर होतात, राज्य सोडतात, वारतात, एजन्सी बंद पडतात. अभ्यासक्रमाचे सिलॅबस पीडीएफ करून ठेवा. एएसडब्ल्यूबीची रजिस्ट्री आहे, तिथे ट्रान्सक्रिप्ट वगैरे साठवून पुढे बोर्डांना पाठवता येतं, ज्यांना दोनतीन राज्यं फिरायचीयेत त्यांनी ते जरूर करावं.

सोशल वर्क कॉम्पॅक्ट म्हणजे नक्की काय? ते आलं की सगळी राज्यं खुली ना?

सगळी नाही, जी सामील झाली तेवढीच. कौन्सिल ऑफ स्टेट गव्हर्नमेंट्स, एएसडब्ल्यूबी वगैरेंनी मिळून कायद्याचा एक मसुदा बनवला, २०२३ च्या सुरुवातीला तो पक्का झाला, पैसा संरक्षण खात्याचा होता कारण सैनिकांच्या बायकांना, नवऱ्यांना दर दोनतीन वर्षांनी राज्य बदलावं लागतं आणि लायसन्सपायी नोकऱ्या जातात. ज्या राज्याला यायचंय त्याने तो मसुदा आपल्या विधिमंडळात पास करायचा. पहिलं आलं मिसुरी, २०२३ मध्ये. सात राज्यं झाली की करार जिवंत होणार असं ठरलेलं, ती २०२४ मध्ये झाली, त्यात व्हर्जिनियाही आहे. नंतर ओहायो, जॉर्जिया, मिनेसोटा असे बरेच आले. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया २०२५ पर्यंत आले नव्हते, आणि आपली माणसं तिथेच जास्त, काय करणार.

चालतं असं. तुम्ही जिथे खरोखर राहता, म्हणजे घर, टॅक्स, मतदार नोंदणी, ड्रायव्हिंग लायसन्स जिथलं, ते तुमचं होम स्टेट. ते राज्य कॉम्पॅक्टमध्ये पाहिजे. तिथलं लायसन्स स्वच्छ पाहिजे, चालू कारवाई नको. मान्यताप्राप्त डिग्री, राष्ट्रीय परीक्षा, बोटांचे ठसे देऊन एफबीआयची तपासणी, आणि क्लिनिकल पातळीसाठी ३,००० तास किंवा दोन वर्षं फुलटाइम सुपरव्हिजनखाली काम. बॅचलर्स, मास्टर्स, क्लिनिकल अशा तीन पातळ्या. हे जमलं की होम स्टेट तुम्हाला मल्टिस्टेट लायसन्स देणार आणि बाकीच्या सदस्य राज्यांत प्रॅक्टिस करता येणार, नूतनीकरण आणि सीईचे (कंटिन्यूइंग एज्युकेशन, लायसन्स टिकवायला करायचे कोर्स) तास एकाच राज्याचे.

पण दोन गोष्टी लोक वाचतच नाहीत. एक, कायदा तरीही क्लायंटच्या राज्याचाच लागतो, ते वर लिहिलेलं टेक्सास-व्हर्जिनियाचं झेंगट कॉम्पॅक्टने सुटत नाही. दोन, एका राज्याने तुमच्यावर कारवाई केली की बाकीच्यांना ती दिसते, आणि होम स्टेटचं लायसन्स अडकलं की सगळीकडची परवानगी एकदम जाते. घर बदलून दुसऱ्या सदस्य राज्यात गेलात तर तिथे नव्याने होम स्टेट करावं लागतं, सदस्य नसलेल्या राज्यात गेलात तर मल्टिस्टेट संपलं.

मग आत्ता पैसे खर्चून दुसरं लायसन्स काढू की कॉम्पॅक्टसाठी थांबू?

कायदा पास होणं वेगळं आणि अर्जाची खिडकी उघडणं वेगळं. २०२५ पर्यंत बातम्या सगळ्या "लवकरच" च्या होत्या, कमिशन बसवायचं, नियम लिहायचे, सगळ्या राज्यांचा डेटा एका सिस्टीममध्ये आणायचा, यात वेळ जातो. समोर खरा क्लायंट किंवा खरी नोकरी असेल तर साधं लायसन्स काढा. "पुढेमागे लागेल" म्हणून चार राज्यांची घेऊन ठेवू नका, प्रत्येकाची फी, प्रत्येकाचे सीईचे तास, प्रत्येकाच्या तारखा, आणि एक चुकली की बाकीच्या सगळ्या फॉर्मवर त्याचं स्पष्टीकरण लिहीत बसा.

मैत्रीण सायकॉलॉजिस्ट आहे, ती सायपॅक्टवर (त्यांचा असाच राज्याराज्यांतला करार) तीसचाळीस राज्यांत बघते. मी त्यात येऊ शकते का?

नाही, ते फक्त सायकॉलॉजिस्टसाठी. नर्सचं वेगळं, काउन्सेलरचं वेगळं, आपलं वेगळं.

फ्लोरिडात म्हणे नुसतं रजिस्ट्रेशन करून ऑनलाइन बघता येतं?

हे खरं आहे. २०१९ पासून फ्लोरिडात बाहेरच्या लायसन्सवाल्यांसाठी टेलिहेल्थ रजिस्ट्रेशन आहे. पूर्ण लायसन्स नाही, त्यावर तिथे ऑफिस उघडता येत नाही, क्लायंटला प्रत्यक्ष भेटून सेशन करता येत नाही, इन्शुरन्स दाखवावा लागतो. ॲरिझोनातही असं रजिस्ट्रेशन आहे, शिवाय २०१९ मध्ये तिथे राहायला येणाऱ्यांचं बाहेरचं लायसन्स मान्य करणारा कायदा सगळ्यात आधी त्यांनी केला. बहुतेक राज्यांत एवढं सोपं नाही. कोविडमध्ये ज्या सवलती होत्या त्या बऱ्याच ठिकाणी केव्हाच संपल्यात, २०२० चे जुने लेख वाचून निर्णय घेऊ नका.

माझं एमएसडब्ल्यू भारतातलं आहे. पुन्हा करावं लागेल का?

दरवेळी नाही. इथली मान्यता देणारी संस्था सीएसडब्ल्यूई, तिची परदेशी सोशल वर्क डिग्री तपासणारी स्वतंत्र सेवा आहे. त्यांच्याकडे ट्रान्सक्रिप्ट, विषयांची माहिती आणि फील्डवर्कचे तास पाठवायचे, ते इथल्या डिग्रीच्या बरोबरीचं आहे का ते सांगतात आणि बरीच बोर्डं ते धरतात. साधी क्रेडेन्शियल तपासणी, जी एच-१बी किंवा ॲडमिशनसाठी केली असेल, ती इथे उपयोगाची नाही, लोक तिथे पैसे घालवून बसतात.

अडचण बहुधा फील्डवर्कच्या कागदांची येते. आपल्याकडे आठवड्यात दोन दिवस फील्डवर्क, कधी वस्तीत, कधी ससूनसारख्या हॉस्पिटलात, कधी बालगृहात, काम भरपूर पण मार्कशीटवर एक ओळ. कॉलेजकडून तास, एजन्सी आणि सुपरव्हायझरची माहिती लेटरहेडवर घ्या, आणि इकडे यायच्या आधी घ्या, नंतर कॉलेजच्या ऑफिसात तुमच्यासाठी खेटे कोण घालणार, वडील? भारतातले सुपरव्हिजनचे तास मोजले जाणं कठीण, कारण राज्याला परवानाधारक सुपरव्हायझर लागतो आणि भारतात सोशल वर्करचं लायसन्स असं नव्हतंच. २०२१ च्या अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात मेडिकल आणि सायकिॲट्रिक सोशल वर्कर आलेत, पण तुमचे जुने तास त्याने भरून निघत नाहीत.

मी एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आहे. लायसन्स मिळालं की काम करता येईल?

लायसन्स आणि वर्क परमिट दोन वेगळी खाती. लायसन्स असून ईएडी (म्हणजेच वर्क परमिटचं कार्ड) नसेल तर पगारी काम नाही. काही राज्यं सोशल सिक्युरिटी नंबर मागतात, कॅलिफोर्नियात आयटीआयएनवरही (टॅक्स भरण्यासाठीचा नंबर) अर्ज घेतात. व्हिसाचं मात्र वकिलालाच विचारा.

महिनाभर पुण्याला जातेय. तिथून इथल्या क्लायंटचे सेशन घेऊ का? आणि भारतातल्या माणसाला इथून बघू का?

पहिल्या प्रश्नाला तीन ठिकाणी परवानगी लागते, बोर्ड, क्लायंटची विमा कंपनी आणि तुमची लायबिलिटी पॉलिसी (तुमच्यावर दावा झाला तर कामी येणारा विमा). मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) तर अमेरिकेबाहेरून दिलेल्या सेवेचे पैसे देत नाही, त्यामुळे आजीआजोबा क्लायंट असतील तर विषय संपला. एजन्सीत नोकरी असेल तर त्यांचे आयटीवाले भारतातून लॉगिनच होऊ देणार नाहीत. बाकीच्यांनी मला विचाराल तर सुट्टी घ्या, कोणीतरी कव्हरला ठेवा.

दुसरं, तुमचं व्हर्जिनियाचं लायसन्स नाशिकच्या माणसाबाबत काहीच सांगत नाही आणि पॉलिसी बहुतेक वेळा तिथलं काही धरत नाही. "माझ्या मावसबहिणीशी एकदा बोल ना" ही विनंती कितीही गोड असली तरी तिला तिथलाच चांगला माणूस शोधून द्या.

लायसन्स नसलेल्या राज्यात "लाइफ कोच" म्हणून बघितलं तर?

हे सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि हळू आवाजात. बोर्ड पाटी बघत नाही, आत काय चाललंय ते बघतं. डिप्रेशन, ट्रॉमा, औषधांची चर्चा, जुन्या जखमा हे सगळं काढत असाल तर ती थेरपी आहे, पावतीवर कोचिंग लिहून ती बदलत नाही. आणि लायसन्स असलेल्याकडून जास्त अपेक्षा असते, कमी नाही.

मिलिटरी किंवा व्हीएमध्ये नियम वेगळे आहेत का?

हो. व्हीए म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलात कुठल्याही एका राज्याचं लायसन्स चालतं, तिथल्या नोकरीपुरतं, टेलिहेल्थलाही. सैनिकाच्या जोडीदाराला बदलीच्या गावी आधीचं लायसन्स वापरू देणारा केंद्राचा कायदाही जानेवारी २०२३ पासून आहे. शाळेतल्या सोशल वर्करचं मात्र उलटं, तिथे बऱ्याच राज्यांत शिक्षण खात्याचं वेगळं सर्टिफिकेट लागतं.

सीईचे तास एका ठिकाणी केले की सगळीकडे धरतात?

एएसडब्ल्यूबीच्या एसीई मान्यतेचे कोर्स बहुतेक ठिकाणी चालतात. न्यूयॉर्क अपवाद, त्यांना त्यांच्याच खात्याने मान्य केलेले प्रोव्हायडर लागतात, दर तीन वर्षांनी ३६ तास. दोन लायसन्सं असतील तर कोर्स घेतानाच दोन्हीकडे बसतोय का बघा.

महाराष्ट्र मंडळाने दुसऱ्या राज्यात मानसिक आरोग्यावर बोलायला बोलावलंय. लायसन्स लागेल का?

भाषणाला नाही. हॉलमध्ये उभं राहून सगळ्यांसाठी माहिती सांगणं म्हणजे थेरपी नव्हे. गडबड होते नंतर जेवणाच्या रांगेत, कोणीतरी बाजूला घेऊन मुलाचं किंवा नवऱ्याचं सगळं सांगायला लागतं आणि आपण तिथेच ताट हातात धरून सल्ला द्यायला लागतो. ऐकून घ्या, घाई करू नका, पण तुमचा नंबर देऊन "आपण झूमवर बोलू" म्हणू नका. जायच्या आधी त्या राज्यातल्या दोनचार थेरपिस्टची नावं आणि ९८८ हा आत्महत्या-संकटाच्या मदतीचा नंबर एका कागदावर छापून न्या, संयोजकांना सांगून तो टेबलावर ठेवा.